घुंगरांचा स्टॉल आणि कार्यशाळा : गावोगाव फिरणं परवडतं का?

मीनल_नाशिक
मी कथक शिकवते. वर्ग घरच्याच हॉलमध्ये चालतात. जोडीला घुंगरू ओवून देणं, अंगरखे-लेहेंगे शिवून घेणं आणि थोडे दागिने असं सुरू झालं. आधी फक्त आपल्या मुलींसाठी होतं, मग शहरातल्या दुसऱ्या वर्गांकडूनही विचारणा व्हायला लागली. आता जळगाव, इंदूर, बेळगाव अशा ठिकाणांहून बोलावणी येतात, की दोन दिवसांची कार्यशाळा घ्या आणि येताना सामानही आणा. शिवाय एखाद्या मोठ्या नृत्यमहोत्सवात स्टॉल घ्यावा असंही मनात आहे.

नवऱ्याचं म्हणणं, "हे स्वतःचे पैसे घालून फिरणं आहे, धंदा नाही." मानधन आणि विक्री एका बाजूला, प्रवास, राहणं, स्टॉलचं भाडं आणि बुडालेले घरचे वर्ग दुसऱ्या बाजूला. हे गणित कोणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? "ओळखी होतात, अनुभव मिळतो" हे उत्तर कृपया नको, ते आईने देऊन झालंय.

गोदाकाठ
वाचतोय. बायको भरतनाट्यम शिकवते, आमच्या घरात हाच वाद दर फेब्रुवारीत होतो.

ठेका
मीनल, आधी एक विचारते. ज्या महोत्सवाचं मनात आहे, तिथे समोर कोण बसतं?

खजुराहोचंच घे. १९७५ पासून चालू आहे, फेब्रुवारीच्या विशीत असतो, देवळांच्या सान्निध्यात. फार सुंदर, एकदा तरी जावंच. पण तिथला प्रेक्षक म्हणजे पर्यटक आणि रसिक. त्याला पायागणिक शंभर घुंगरांची जोडी कशाला लागेल? तो दुपट्टा घेईल, झुमके घेईल, आणि ते विकायला तिथले स्थानिक आणि हस्तकलावाले आहेतच. जे नाचायला येतात ते सगळं घरून घेऊन येतात. कोरं घुंगरू कुणी ऐन रंगमंचावर पहिल्यांदा बांधत नाही.

तुझं गिऱ्हाईक म्हणजे वर्गातली मुलगी, आणि खरं तर तिची आई. ती महोत्सवात सापडत नाही, ती परीक्षेच्या आधी सापडते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात. म्हणजे तुझा हंगाम फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या वेळी बाई "पन्नासाचे चालणार नाहीत, आता शंभर बांधा" असं सांगतात, आणि आया धावपळ करायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग असतात, पण तेव्हा घुंगरू कमी आणि पोशाख जास्त. तेही बरेचसे भाड्याचे.

म्हणून महोत्सव विसर. बोलावणी आलेल्या गावांचा विचार कर.

नागपुरी_संत्रं
ठेकाताई म्हणतात ते बरोबर आहे, पण महोत्सव सगळेच खजुराहोसारखे नसतात हो. आमच्याकडे वर्गावर्गांच्या स्पर्धा होतात, त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चारशे पोरी नाचून राहिल्या असतात. ग्रीनरूममध्ये कुणाचं घुंगरू तुटतं, कुणाचा अंबाडा सुटतो, कुणाची बिंदी हरवते. तिथं स्टॉलवर गर्दी मावत नाही. फक्त विकलं काय जातं ते बघा. घुंगरू नाही. गंगावन, कापडी गजरे, आलता, सेफ्टी पिना, हेअरनेट, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, घुंगरांची पिशवी. पन्नास रुपयांपासून तीनशे रुपयांपर्यंतचा माल. मोठी वस्तू हातात घेतात, किंमत विचारतात आणि ठेवून देतात.

ठेका
हे मान्य. स्पर्धा आणि महोत्सव यांत फरक करायला हवा होता. स्पर्धेत नाचणारेच गिऱ्हाईक असतात.

आणि पिनांचा डबा हसण्यावारी नेऊ नका. टेबलाचं भाडं तोच भरतो.

मीनल_नाशिक
छान. मग बोलावणी आलेल्या गावांचं गणित सांगा ना. आकड्यांत.

ठेका
आकडे प्रत्येकीचे वेगळे. तरी मांडते, तू तुझे घाल.

समजा दोन दिवस, पंचवीस मुली, माणशी १,२०० रुपये. जमा ३०,०००. हॉल आणि तबल्याचा खर्च आयोजक बाईंचा, म्हणून वाटणी ७०-३०. तुझ्या हाती २१,०००. सामान समजा ४०,००० चं गेलं. यातला नफा किती, इथे बहुतेकींची फसगत होते. घुंगरांत फार सुटत नाही, कारण पितळ किलोवर येतं आणि आयांनी मोबाइलवर भाव पाहिलेला असतो. सुटते ती ओवण्याची मजुरी. दागिन्यांत जरा बरं. सगळं मिळून पाव हिस्सा धर, म्हणजे १०,०००. झाले ३१,०००.

आता वजा कर. दोघींचं जाणं-येणं (मदतनीस लागतेच, तू शिकवत असताना टेबलापाशी कोण बसणार?) ३,०००. मदतनिशीचे दोन दिवस २,०००. खाणं, रिक्षा, हमाल, पॅकिंग मिळून २,०००. राहणं आयोजकांच्या घरी असेल तर शून्य. उरले २४,०००. उत्तम वाटतं ना?

पण ते दोन दिवस शनिवार-रविवार असतात, आणि तुझ्या घरच्या सगळ्यांत भरलेल्या बॅचेस त्याच दिवशी असतात. त्या पुढे भरून द्याव्या लागतात, म्हणजे तुझे आणखी दोन दिवस. माल भरणं, मोजणं, परत आल्यावर लावणं यात दोन संध्याकाळी. म्हणजे २४,००० हे दोन दिवसांचे नाहीत, सहा दिवसांचे आहेत. तरीही वाईट नाही.

आता पंचवीसच्या जागी बारा मुली आल्या तर? शिकवण्याचे १०,००० च्या आसपास, विक्री निम्मी, खर्च तेवढाच. उरतात आठेक हजार. म्हणून मी किमान रकमेशिवाय जात नाही. "इतक्या मुली आल्या तर वाटणी, नाही आल्या तरी किमान इतके" असं आधी लिहून घ्यायचं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालतं, पण लिहून हवं.

खान्देशी_कढी
मी समोरच्या बाजूची. माझा भरतनाट्यमचा वर्ग आहे आणि मी बाहेरच्या शिक्षकांना बोलावते. ठेकाताईंचा हिशोब बरोबर, पण आमचाही ऐका.

वर्षातून एकदा मुलींनी दुसऱ्या हाताखाली शिकावं, एवढ्यासाठी आम्ही बोलावतो. आमच्याकडे किमान रक्कम द्यायला पैसे असतातच असं नाही, ते आमच्या खिशातून जातात. मग शिक्षिका येतात, आणि मधल्या सुट्टीत त्यांचं टेबल लागतं. मुली शिकलेलं सोडून झुमके बघायला जातात. संध्याकाळी आयांचे फोन येतात, "बाई, अडीच हजार कार्यशाळेला घेतले, वर मुलगी हार मागतेय." ऐकून कोण घेतं? मीच.

मी आता सरळ सांगते, शिकवणं चालू असताना टेबल नाही. दुसऱ्या दिवशी शेवटी दोन तास, पालकांना सांगून, किमतीची यादी आधी ग्रुपवर टाकून. गंमत म्हणजे असं केल्यावर विक्री वाढली. आया यादी बघून पैसे ठरवून येतात.

मीनल_नाशिक
ही यादीची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. खान्देशीताई, एक विचारू? विक्रीवर तुम्ही कमिशन घेता का? एकांनी मला २० टक्के मागितलेत.

खान्देशी_कढी
मी नाही घेत. त्याऐवजी वर्गासाठी काहीतरी ठेवून जा म्हणते, एखादी जोडी किंवा पट्ट्यांचा गठ्ठा. गरीब घरच्या मुलींना वापरायला होतं. २० टक्के मागणारे असतात, पण घुंगरांवर २० टक्के दिलेत तर तुम्ही घरून घालून याल. दागिन्यांवर द्या, घुंगरांवर देऊ नका.

ठेका
+१. आणि त्यांच्या विद्यार्थिनींना आपलं कार्ड परस्पर द्यायचं नाही. ऑर्डर आली तरी बाईंमार्फत. एका गावात "आमच्या मुली पळवल्या" असा बोभाटा झाला की शेजारच्या चार गावांत दार बंद. घराण्याचंही तसंच. त्या लखनौच्या, तुम्ही जयपूरच्या, तर "तुमचं चुकीचं शिकवलंय" हे वाक्य जिभेवर येऊ द्यायचं नाही. हाताची जागा वेगळी असते, चुकीची नसते.

कर_भरा_सुखी_राहा
पेशाने सीए आहे, म्हणून मधे पडतो.

शिकवणं आणि माल विकणं या जीएसटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यक्ती म्हणून तुम्ही कला-संस्कृतीशी संबंधित छंदाचं प्रशिक्षण देत असाल तर ते करमुक्त आहे. जुलै २०२२ पासून ही सूट व्यक्तीपुरती झाली, म्हणजे संस्था किंवा कंपनी काढून शिकवलंत तर हा मुद्दा वेगळा तपासावा लागतो. शास्त्रीय किंवा लोककलेचा कार्यक्रम केलात तर एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत करमुक्त.

माल मात्र वेगळा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही; सोबत शिकवतही असाल तर मर्यादा दोन्ही मिळून २० लाखांची धरा. पण इंदूरला किंवा बेळगावला जाऊन स्टॉल लावलात की राज्य बदललं. तिथे आपलं कायमचं ठिकाण नसताना तात्पुरती विक्री करणाऱ्याला 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' म्हणून आधी नोंदणी घ्यावी लागते. धंदा सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ भरायचा, मुदत ९० दिवस. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत आहे, पण तुमचा माल त्या यादीत बसतो का ते आपल्या माणसाकडून बघून घ्या. शिवलेले लेहेंगे आणि इमिटेशन दागिने हस्तकला म्हणून खपवू नका.

मानधनातून आयोजक संस्थेने दहा टक्के टीडीएस कापला तर घाबरू नका. करपात्र उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. न भरणाऱ्यांचा तिथेच राहतो, आणि कलाकार मंडळींत असे पुष्कळ.

गोदाकाठ
बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परराज्यात फक्त शिकवायला जाते, माल महाराष्ट्रातच विकते." एका वाक्यात प्रश्न मिटला.

कर_भरा_सुखी_राहा
वहिनींना माझ्या ऑफिसात नोकरी आहे.

बेळगावकर_आक्का
मीनलताई, बेळगावला या की! पण सामान घेऊन विमानाने येऊ नका हं. देशांतर्गत तिकिटावर साधारण पंधरा किलो सामान जातं आणि सात किलो हातात. शंभर-शंभरची एक जोडी दोन किलोच्या घरात भरते. सात जोड्या टाकल्या की बॅग संपली, कपडे कुठं ठेवणार? रेल्वेत स्लीपरला आणि थर्ड एसीला चाळीस किलो चालतं. रात्रीची गाडी, सकाळी हजर. एकच, बॅगेतले घुंगरू वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा. नाहीतर प्रत्येक सांध्याला वाजतात आणि अख्खा डबा जागा.

ड्रेपरीवाला
आमचं ड्रेपरीचं दुकान आहे, वडिलांपासून. नाटक, गॅदरिंग, लावणी, सगळे पोशाख भाड्याने. म्हणून पोशाखाबद्दल बोलतो.

पोशाख घेऊन फिरू नका. लेहेंग्याचे चार मापांचे चार रंग न्यायचे म्हणजे सोळा नग, आणि समोरची मुलगी नेमकी सतरावा मागते. लहान मुलींचे आईबाप विकत घेतच नाहीत, पुढच्या वर्षी आखूड होतो. ते आमच्याकडे येतात, आणि आमच्या भाड्याशी तुमची विक्री टिकणार नाही. विकत घेते ती विशारदची किंवा त्यापुढची मुलगी, ती मापाचाच मागते.

तेव्हा एक नमुना न्या. नीट शिवलेला, आतून उलटा करून दाखवता येईल असा. शिलाई, अस्तर, वाढवायला ठेवलेली माया दिसली पाहिजे. मापं घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या, पाठवताना उरलेले. माझ्या ओळखीच्या दोघी आहेत, त्यांच्या टेबलावर काहीच विकलं जात नाही असं दिसतं. वहीत मात्र ऑर्डरी असतात.

भरतनाट्यमचं आणखी अवघड. निऱ्यांचा मधला पंखा, पायजम्याची शिलाई की साडीची, कंबरपट्ट्याची जागा, एवढी मापं आहेत की चुकलं तर अख्खी कांजीवरम वाया. ते ज्याला येतं त्यानेच करावं.

सालसावाला_पणजी
आमच्या सालसा-बचाटाच्या फेस्टिवलांत उलट आहे. तिथे येणारा प्रत्येक जण नाचणारा असतो, तीन दिवस दिवसा वर्कशॉप आणि रात्री सोशल, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचणं. सुएडच्या तळव्याचे बूट तिथेच घालून बघतात आणि लगेच घेतात, कारण रात्री तेच घालून नाचायचं असतं. पण मापांचा साठा ठेवावा लागतो, तो पैसा अडकतो. शिकवणाऱ्याला पुष्कळदा पास आणि खोली मिळते, मानधन नाही. त्यांची कमाई पुढच्या खासगी शिकवण्यांतून. तुमच्याकडे तसं असतं का?

ठेका
खासगी शिकवणी आमच्याकडे असते, पण गुरूला विचारल्याशिवाय नाही. वर लिहिलंच आहे. साथीला तबला मिळाला नाही तर मोबाइलवरचा लेहरा (तालात फिरत राहणारी साथीची धून) असतोच, त्यामुळे आता ऑनलाइन तासही चालतात. बाईंच्या संमतीने दोन-तीन मुली महिन्यातून एकदा घेतल्या, तर तेवढीच कार्यशाळेची खरी शेपटी.

दक्षिणदिशा
चेन्नईत आहे. भरतनाट्यमवाल्यांसाठी दोन शब्द. चिदंबरमला महाशिवरात्रीच्या सुमारास नाट्यांजली हा नृत्यमहोत्सव असतो, १९८१ पासून. देशभरातून नर्तक येतात, बहुतेक जण सेवा म्हणून, आपल्या खर्चाने. स्पर्धेबद्दल वर जे म्हटलंय ते इथेही लागू असं वाटेल, पण दागिने घेऊन इकडे यायचं मनातही आणू नका. नागरकोइलमधल्या वडसेरीचे टेम्पल ज्वेलरीचे कारागीर आणि मैलापूरच्या कपालीश्वर देवळाभोवतीची दुकानं, यांच्या दारात जाऊन तुम्ही काय विकणार? उलट इथून माल घेऊन महाराष्ट्रात विका. घुंगरांसाठी जसं उत्तर प्रदेशातलं जलेसर, तसं या दागिन्यांसाठी वडसेरी.

मीनल_नाशिक
जलेसरचा माल मी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून घेते. थेट घेतल्यावर फरक पडतो का?

ठेका
भावात पडतो, पण किलोंनी घ्यावा लागतो आणि आवाज जुळवून घेण्याचं काम आपल्यावर येतं. पाच किलोत एका सुराचे दीडशे निघतीलच असं नाही. पन्नासाची जोडी वाढवून शंभराची करून द्या म्हणणाऱ्या आया असतात, त्यांच्या जुन्या घुंगरांशी आकार आणि आवाज दोन्ही जुळावे लागतात. मी तसे सुटे घुंगरू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून घेऊन जाते, आणि सुती दोरी, कात्री, मेण. टेबलावर बसून ओवून देते. तयार जोडीपेक्षा यात जास्त मिळतं आणि दुकान किंवा ऑनलाइनवाला हे करू शकत नाही. मुली गोल करून गाठ कशी मारतात ते बघत बसतात. ती पण एक कार्यशाळाच, फुकटची.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत गणेशोत्सव, नवरात्र आणि मंडळांचे कार्यक्रम मिळून स्टॉलवाल्यांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दोन वर्षांनी, २०२४ ला सॅन होजेला झालं, तिथेही स्टॉल असतात. भारतातून येणाऱ्या ताया विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

पर्यटक व्हिसावर येऊन पैसे घेऊन शिकवणं चालत नाही. "मैत्रिणीकडे उतरले होते, सहज चार मुलींना शिकवलं" ही सबब विमानतळावर ऐकून घेत नाहीत. शास्त्रीय किंवा पारंपरिक कला सादर करायला अथवा शिकवायला येणाऱ्यांसाठी पी-३ व्हिसा असतो, त्यासाठी इथल्या संस्थेला अर्ज करावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, त्यामुळे एका गावासाठी कुणी करत नाही. पाच-सहा शहरांच्या शाळा एकत्र येऊन उन्हाळ्यात शिबिरं घेतात, तेव्हा जमतं.

मालाचं म्हणाल तर पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्यूटीशिवाय यायचं, ते ऑगस्ट २०२५ पासून बंद झालं. त्यामुळे "इथे मापं घेते, पुण्याहून पाठवते" हा हिशोब पुन्हा करा. ड्यूटी कोण भरणार ते गिऱ्हाइकाशी आधी बोला. आणि मोरपिसं लावलेलं काही आणू नका, भारतातून मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. राधाकृष्णाच्या नाचासाठी मुकुट आणणाऱ्या आया हे हमखास विसरतात.

नागपुरी_संत्रं
मीनलताई, मग काय ठरलं? नवरोबांना काय सांगणार?

मीनल_नाशिक
जळगावला जातेय, सप्टेंबरच्या शेवटी. किमान रक्कम लिहून घेतली, बाईंनी कुरकुर न करता दिली. टेबल शेवटच्या दोन तासांपुरतं. इंदूरला फक्त शिकवायला. महोत्सवाचा नाद सोडला. नवऱ्याला ठेकाताईंचा सहा दिवसांचा हिशोब दाखवला. तो म्हणाला, "यात तुझ्या ओवण्याच्या रात्री कुठे धरल्यात?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का? ओवण्याची मजुरी तुम्ही नगावर लावता की तासावर?

ठेका
नगावर. शंभराला ठरलेली, दीडशेला दीडपट नाही तर जरा जास्त, कारण वरच्या ओळी पायाच्या घेराला बसवताना वेळ जातो. तासावर लावलीस तर आया घड्याळ बघत उभ्या राहतात.

बेळगावकर_आक्का
आणि आमचं बेळगाव? आमच्याकडे माल नको, शिकवायलाच या. जानेवारीत थंडी छान असते.

मीनल_नाशिक
आक्का, विपू (तुमच्या विचारपुशीतला निरोप) बघा. तारखा टाकल्यात.